माझ्या गोष्टीतला इराप्पा

मी दारू पीत होतो ही माझी चूक मी चारचौघांत पुष्कळदा सांगितली आहे. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की सांगताना माझी मानसुद्धा खाली जात नसे. पण तिच्याहून मोठी चूक मी दारू सोडल्यावर केली. शुद्धीत असताना, कपाळाला विभूती लावून, मठाच्या सभेत बसून केली. दुसऱ्यांची दारू सुटावी म्हणून मी जी गोष्ट सांगत होतो, तिच्यात एका निरपराध माणसाला मी दर सोमवारी नव्याने दोषी ठरवीत होतो. लोक म्हणत, देवाने तुम्हाला वाचवले. मीही होकार देत असे. आत मात्र एक शंका सुटत नसे, की असल्या माणसाला देव वाचवील कशाला? ती शंका कशी फिटली ते लिहायला बसलो आहे.

आमचे सोलापुरात ज्वारीचे दुकान आहे. मंगळवेढ्याकडची ज्वारी वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे उतरते. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाही, अशा लिंगायत घरात मी वाढलो. पहिला प्याला मला कोणी बळेच पाजला नाही. बाजार उठल्यावर काही दलाल शिंदीच्या दुकानाकडे वळायचे, त्यांच्यामागून मी आपल्या पायांनी गेलो. शिंदीवरून दारूवर आलो. प्यायला जाण्याआधी मी गळ्यातले लिंग काढून दुकानातल्या कोनाड्यात ठेवीत असे. आमच्यात लिंग देहावेगळे करणे म्हणजे काय, हे आमच्या मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच लिहितो, की दीक्षेपासून ते अंगावरून उतरवायचे नसते. माणूस गेला तरी ते त्याच्याबरोबरच मातीत जाते. मी मात्र ते रोज संध्याकाळी उतरवीत होतो, आणि त्यात आपण देवाचा मान राखतो अशी माझी समजूत होती. दारूच्या दुकानात लिंग नेऊन विटाळायचे नाही, एवढी श्रद्धा आपल्यात शिल्लक आहे, याचा मला चक्क अभिमान वाटे. एकदा माझ्या पत्नीने ते कोनाड्यात पाहिले. तिने त्याच्याशेजारी बेलाचे पान ठेवले आणि घरी निघून गेली. ते पान मी पाहिले, आणि तरीही प्यायला गेलो.

इराप्पा आमच्याच गल्लीतला. त्याचा करडईच्या तेलाचा घाणा आहे. आम्ही एका वयाचे, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्लेले. संक्रांतीच्या यात्रेत आमच्या गावी सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज मिरवतात. त्या उंच काठ्या कमरेच्या पट्ट्यावर उभ्या पेलून चालायचे, हे नवख्याचे काम नाही. म्हणून आधी कित्येक दिवस संध्याकाळी त्याचा सराव चालतो. मी आणि इराप्पा मिसरूड फुटल्यापासून जोडीने जात होतो. एकाने काठी पेलायची, दुसऱ्याने शेजारी राहून तोलावर नजर ठेवायची. काठीला हात लावणाऱ्याने त्या दिवसांत पथ्याने राहायचे असते, दारूला शिवायचे नसते. माझे पथ्य केव्हाच मोडले होते. प्यालो नाही तर हात कापत. म्हणून हात स्थिर राहावेत यासाठी त्या वर्षी मी सरावाला थोडी पिऊन जाऊ लागलो. इराप्पाला वास येत असणारच. एकदा तो हळूच म्हणाला, "औंदा तू ऱ्हाऊ दे की. मी पेलतो, तू निस्ता संगं चाल." मी त्याच्यावरच उखडलो.

मग एके दिवशी, ऊन उतरत असताना, चौकातल्या वळणावर काठी माझ्या हातून गेली. ती झुकताच इराप्पाने झेप घेऊन खांदा लावला. ती त्याच्या खांद्यावर आदळून एका घराच्या कट्ट्यावर पडली आणि तिचे टोक चिरले. सरावाची असली तरी काठी पडली म्हणजे गल्लीवर काहीतरी येणार, अशी आमच्याकडे भावना आहे. वडीलधारी माणसे धावत आली. आम्ही दोघे एकमेकांवर पडलो होतो, आणि दारूचा वास सगळ्यांनाच आला. "कोन प्यालंय रे?" एका म्हाताऱ्याने विचारले. मी हात उचलून इराप्पाकडे बोट केले.

"मी न्हाय," इराप्पा एवढेच म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. तो वाट पाहत होता. मी आता खरे सांगेन अशी त्याची खात्री होती. मी खाली पडलेला रुमाल झटकून डोक्याला गुंडाळत बसलो. इराप्पाचा बाप दारूपायी गेला होता, हे साऱ्या गल्लीला माहीत होते. आमचे घर पूजाअर्चेचे. लोकांना निवाडा करायला तेवढे पुरले.

इराप्पाचे काठी धरणे बंद झाले. त्याच्या आजोबांपासून चालत आलेला मान होता तो. यात्रेच्या दिवशी मिरवणूक गल्लीतून निघाली तेव्हा त्याने दार लावून घेतले आणि आत घाणा चालू ठेवला. सणाच्या दिवशी बैल जुंपलेला मी त्याच्याकडे कधी पाहिला नव्हता. वाजंत्रीचा आवाज कानी येऊ नये म्हणून, असे त्याच्या बायकोने माझ्या पत्नीला सांगितले. पत्नीने ते मला सांगितले, आणि सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्यानंतर मी दिवसाही पिऊ लागलो. पुढच्या उन्हाळ्यात ज्वारी बघायला म्हणून मंगळवेढ्याकडे निघालो आणि वाटेत एका झाडाखाली पडून राहिलो. बरोबरची गाडी कंटाळून पुढे निघून गेली. मला उचलले ते एका अनोळखी म्हाताऱ्या गाडीवानाने. त्याने मला कडब्यावर टाकून आपल्या वस्तीवर नेले. तो कुणी साधू नव्हता. त्याला दमा होता, आणि बैलांना तो अशा शिव्या देई की मी तशा अवस्थेतही कान झाकावेत. मला ताप भरला. अंग थरथरू लागले, नाही नाही ते दिसू लागले. किती दिवस गेले ते मला आठवत नाही. तो मला ज्वारीची पातळ आंबील पाजी आणि शेजारी दोर वळत बसे.

"कापतंय त्ये कापू दे," तो म्हणे. "माजंबी असंच कापलं हुतं. मला वाटलं, आता ह्यो गेला. पर ऱ्हायलो की! शिव्या द्यायला कोन तरी पायजे न्हवं ह्या बैलास्नी."

मग त्याने आपली हकीकत सांगितली. "मी पिऊन पडलो आन् गोठा पेटला. माज्याच चिलमीनं. बैलं दाव्याला हुती, सोडायला कोन न्हाय. लोक म्हनली, कुनी तरी दावा साधला आसंल. मीबी व्हय म्हनलो आसतो तर सुटलो आसतो. पर मग दारू सुटली नसती."

या बोलण्याचा अर्धाच भाग मला त्या वेळी ऐकू आला. माझ्यासारखाच प्यालेला एक माणूस सुटला आहे आणि धडधाकट समोर बसून दोर वळतो आहे, एवढेच मला दिसले. तेवढ्यानेही मला धीर आला. त्याआधी मला पुष्कळांनी उपदेश केला होता. आपले सांगणारा मात्र तोच पहिला. एका पहाटे ताप उतरला. मी सवयीने छातीकडे हात नेला आणि गळा मोकळा लागला. मी लहान मुलासारखा रडू लागलो. म्हाताऱ्याने विचारले, "काय हरिवलं?" मी म्हणालो, "देव दुकानातल्या कोनाड्यात राहिला." तो म्हणाला, "मग जा की घरला. देव कुटं उठून जातोय?"

मी घरी आलो. आधी दुकानात गेलो. कोनाड्यात लिंग होते, आणि त्याच्याजवळ बेलाचे ताजे पान होते. मी घरी नव्हतो तितके दिवस माझ्या पत्नीने रोज येऊन जुने पान काढून नवे ठेवले होते. मी अंघोळ करून, मठातल्या स्वामीजींच्या पाया पडून ते पुन्हा धारण केले. तेव्हापासून ते उतरले नाही, आणि दारूही शिवली नाही. याला कोणी काय म्हणावे ते म्हणो, मी कृपाच म्हणतो. पुढच्या साली धोतरजोडी आणि नारळ घेऊन मी त्या वस्तीवर गेलो, तर झोपडीला कडी होती. दमा वाढला म्हणून तो विजापूरकडे लेकीच्या गावी गेला, असे शेजारच्या शेतकऱ्याने सांगितले. त्याचे नाव विचारायचे मला तेव्हाही सुचले नाही.

आमच्या पेठेतल्या मठात दर सोमवारी संध्याकाळी शिवानुभव असतो. वचने म्हणतात, आणि कोणी भक्त आपला अनुभव सांगतो. स्वामीजी मला म्हणाले, "पिणाऱ्याला माझं प्रवचन कळत नाही रे. मी कधी प्यालोच नाही, मला कुठलं ठाऊक! तुझं तू सांग." म्हणून मी सांगू लागलो. लिंग उतरवून कोनाड्यात ठेवीत होतो, हे मी पहिल्याच सोमवारी सांगितले. बायकांनी पदर तोंडाशी नेले. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी "शिव शिव" म्हटले. पण गोष्ट संपल्यावर ते सगळे माझ्याजवळ आले. जो माणूस एवढे सांगतो तो दुसरे काय लपवणार, असे त्यांना वाटले असावे. खरे तर त्या मोठ्या कबुलीच्या आडच मला लपायला जागा मिळाली.

काठी पडण्याचा प्रसंग मी त्या दिवशी गाळणार होतो. पण समोर तेच म्हातारे होते. गोष्ट त्या दिवसांपाशी आली, तसा त्यांच्यातला एक मोठ्याने म्हणाला, "त्या इराप्प्यानं घात केला बघा ह्याचा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "होय. जोडीदाराच्या दोषाने काठी पडली, आणि त्या दुःखात मी आणखी पिऊ लागलो." सभेतून मोठा उसासा उठला. तो उसासा मला गोड लागला. पुढच्या सोमवारी कोणी न विचारताच मी ते वाक्य सांगितले, आणि मग ते गोष्टीतून निघालेच नाही.

गोष्टीचा उपयोग होत होता, हे खोटे नाही. गिरणीचा भोंगा झाला की कामगार परस्पर मठात येऊन मागे बसत. हातमागावर लुगडी विणणारे येत. कोणी आठवडाभर टिके, कोणी कायमचा सुटे. त्यांच्या बायका आमच्या दुकानात ज्वारी घ्यायला आल्या की माझ्या पत्नीचे हात धरून रडत. अशा वेळी मला वाटे, एक वाक्य खोटे असले म्हणून काय झाले? त्याच्या पाठीमागे एवढे पुण्य उभे आहे.

त्या ऐकणाऱ्यांत नरसय्या नावाचा एक विणकर होता. बोलणे तेलुगू वळणाचे, हसणे मोठे. तो आणि त्याचा थोरला भाऊ एकाच घरात समोरासमोर माग घालून बसत. भावाला तो अन्ना म्हणे. महिनाभर नरसय्या दारूवाचून राहिला, तेव्हा पेढ्याचा पुडा घेऊन दुकानात आला.

"सावकार, तुमचा गोष्ट लई उपयोगी पडला," तो म्हणाला. "तुमच्यासारखाच मीबी माझ्या दारूचा मूळ शोधून काढला. तुमच्या गोष्टीत इराप्पा, माझ्या गोष्टीत अन्ना. तोच मला पहिल्यांदा शिंदी पाजला. काढला त्याला घरातून!"

मी विचारले, "अन्ना कुठे आहे आता?"

"असंल कुटं तरी. शेजाऱ्याच्या ओसरीवर निजतो म्हणे."

"पण नरसय्या, खरेच त्याने पाजली होती का?"

तो हसला. पेढा माझ्या हातावर ठेवीत म्हणाला, "आता खरं खोटं कोन बघतंय, सावकार? असा सांगितला की छातीवरचा दगड उतरतो. तुमास्नी ठाऊक हाय की!"

पेढा माझ्या हातातच राहिला. तो गेल्यावर मी उठून त्याच्या गल्लीत गेलो. ओसरीवर एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. जन्मभर सूत जोडून त्याचे डोळे अधू झाले होते. नुसत्या सवयीने तो दोन बोटांनी तुटलेला धागा वळल्यासारखी हालचाल करीत होता. मी ज्वारीचा दुकानदार असे सांगताच तो हात जोडून म्हणाला, "माझा तम्मुडू बरा झाला म्हनतात तुमच्यामुळं. लई उपकार झाला, सावकार." तम्मुडू म्हणजे त्यांच्यात धाकटा भाऊ. शिंदीचे विचारायला माझी जीभ उचलली नाही. विचारायची गरजही उरली नव्हती. मी नरसय्याला दारू सोडायला शिकवली होती, आणि त्याबरोबर आपला दोष दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालावा हेही शिकवले होते. दुसरा धडा त्याने पहिल्यापेक्षा लवकर उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इराप्पाच्या घाण्यावर गेलो. बैल डोळ्यांना झापडे बांधून फिरत होता. इराप्पाने मान वर करून पाहिले, पण "ये" म्हणाला नाही. मी माफी मागायला गेलो होतो आणि तोंडातून निघाले, "तेल पाहिजे होते." त्याने तेल मापून दिले. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तेल घेऊन आलो. घरी पत्नी म्हणाली, "अहो, काय गावजेवण घालायचंय का? घागरी भरल्या की तेलानं!" मी तिला तेव्हा सगळे सांगितले. काठी कोणाच्या हातून पडली, वास कोणाचा होता, सगळे. तिने तेलाचे रिकामे भांडे पुढे ओढले. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुमच्या तोंडून कधी येतंय त्याची वाट बघत होते." आणि भांडे माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा. आज तेल घेऊन आलात तर घरात घेणार नाही."

मी गेलो. या वेळी इराप्पाच बोलला. "तेलच पायजे का दुसरं काय?"

मी म्हणालो, "इराप्पा, तुला एक सांगायचे आहे." आणि जे होते ते सांगू लागलो. त्याने हात वर करून मला थांबवले.

"हितं सांगून काय करतोस? हितं मी आन् माजा बैल. मी पीत न्हाय त्ये मला ठाऊक हाय, आन् बैलालाबी ठाऊक हाय. ज्यास्नी ठाऊक न्हाय त्यास्नी सांग की."

"मग सोमवारी मठात ये. माझी गोष्ट ऐकायला ये."

तो प्रथमच हसला, पण ते हसणे बघवत नव्हते. "तुजी गोष्ट? ती पाठ हाय की मला. साऱ्या पेठंतनं ऐकतो. तिच्यात मीच हाय न्हवं?"

तो येणार की नाही ते त्याने सांगितले नाही. मधल्या दिवसांत माझे जे झाले ते लिहिणे कठीण आहे. दारूची इतकी ओढ मला सोडल्यापासून लागली नव्हती. खरे सांगितले तर लोक मठात यायचे थांबतील, सुटलेले पुन्हा प्यायला लागतील, म्हणून गप्प राहणेच धर्माचे, असे मन मला समजावू लागले. ते इतक्या गोड भाषेत समजावीत होते की मी घाबरलो. ही भाषा माझ्या ओळखीची होती. "आज थोडीच घे, हात स्थिर राहतील," असेही ते याच भाषेत सांगत असे. सोमवारी सकाळी पूजेला बसलो आणि लिंग तळहातावर घेतले. मागण्यासारखे काही सुचेना. दरवेळी मी देवाला म्हणे, मला दारूपासून सांभाळ, माझी अब्रू सांभाळ. त्या दिवशी म्हणालो, अब्रूचे तू बघ, ठेवायची तर ठेव, न्यायची तर ने. एवढे म्हटले आणि शरीर सैल पडले. ज्याला आपण शरण जाणे म्हणतो ते मी वर्षानुवर्षे सभेत सांगत होतो. केले मात्र त्या सकाळी, आणि तेही दुसरी वाट उरली नाही म्हणून केले. देवाने तेही चालवून घेतले.

संध्याकाळी सभा भरली. नरसय्या पुढेच बसला होता, म्हातारे नेहमीच्या जागी होते. इराप्पा नव्हता. माझ्या मनात आले, तो नाही तर पुढच्या सोमवारी सांगू. तेवढ्यात दिवे विझू लागले. सकाळी दिव्यांत तेल घालायचे त्या दिवशी मठातल्या सेवेकऱ्याकडून राहून गेले होते. कधी न होणारी गोष्ट. स्वामीजींनी कोणाला तरी तेल आणायला पिटाळले. जवळचा घाणा इराप्पाचा. थोड्या वेळाने स्वतः इराप्पाच तेलाचे भांडे घेऊन दारात उभा राहिला. काठी पडल्यापासून त्याने मठाची पायरी चढली नव्हती. तो माझ्यासाठी आला की तेलासाठी, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही. स्वामीजी त्याला कानडीत म्हणाले, "बा, इराप्पा, कूडू." ये, बस. तो भांडे खाली ठेवून चपलांपाशी बसला. दिवे पुन्हा लागले.

त्यानंतर काय झाले ते आधी सांगून टाकतो. माझे बोलणे चालू असतानाच नरसय्या उठून निघून गेला. मला वाटले, गेला हा, आता थेट दारूच्या दुकानात. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावरून गेलो तर दोन मागांचा आवाज येत होता. अन्नाला नीट दिसत नव्हते, तरी तो आपल्या जागी बसून धोटा फेकत होता, आणि नरसय्या त्याच्यावर ओरडत होता, "अन्ना, काठ सोडून विणलास की पुन्हा!" मी दारातूनच परत फिरलो. सोमवारची सभा मोडली नाही. थोडे लोक कमी झाले, काही म्हाताऱ्यांनी माझ्याशी बोलणे सोडले, ते योग्यच होते. पण जे येतात ते आता माझ्यानंतर आपले सांगतात, आणि सांगताना दुसऱ्यांची नावे कमी घेतात. त्या वर्षी सरावाला वडीलधाऱ्यांनी इराप्पाच्या दारात जाऊन त्याला बोलावून आणले. मी काठीला हात लावायचे सोडले आहे. तो पेलत असतो तेव्हा गर्दीत उभा राहून बघतो. मला असे सुख दारूने कधी दिले नाही, आणि वाहवा मिळाली तेव्हाही वाटले नाही. त्या गाडीवानाचे, माझ्या पत्नीचे, दिव्यांत तेल घालायला विसरलेल्या सेवेकऱ्याचे माझ्यावर ऋण आहे. ज्याने या सगळ्यांना वेळेवर पाठवले, त्याच्याविषयी मी काय लिहू? देव माणसाला वाचवतो तो लायकी बघून नव्हे, एवढे मला कळले. आपण फक्त हातातले सोडून द्यायचे असते. मला ते फार उशिरा जमले.

जो कोणी आपली गोष्ट दुसऱ्याच्या भल्यासाठी सांगायला बसेल, त्याच्यासाठी मी त्या सोमवारी काय बोललो ते लिहून ठेवतो. फार काही बोललो नाही. सभेत उभा राहिलो, माणसांमधून वाट काढत चपलांपाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "इराप्पा, त्या दिवशी दारू मी प्यालो होतो. काठी माझ्या हातून पडली. तू ती खांद्यावर झेललीस, आणि मी तुझ्याकडे बोट दाखवले. नंतर दर सोमवारी इथे बसून तेच खोटे पुन्हा सांगितले. तू एकदाही प्याला नाहीस. माझे चुकले. मला माफ कर."